गावच्या खळ्यात चाकांवरची खोली

फाल्गुन लागला की नौपाड्यातल्या अनेक घरांत एकच हिशेब सुरू होतो. शिमग्याला गावी कोण कोण जाणार, कशाने जाणार आणि तिथे झोपणार कुठे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ठाणेकरांच्या अंगवळणी पडलेली आहेत. खोपटचा एसटी डेपो हाकेच्या अंतरावर आहे, कोकण रेल्वेच्या गाड्या ठाण्याला थांबतात, सावंतवाडीची गाडी दिव्याहून सुटते. रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुले होई, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवस आधी होते. त्यामुळे तारखेवर लक्ष ठेवणारा एक जण प्रत्येक कुटुंबात असतोच. तिसरा प्रश्न मात्र दरवर्षी नव्याने उभा राहतो. आजोबांनी बांधलेले घर तीन भावांत वाटले गेलेले असते, वर्षातले दहा महिने त्याच्या दोन खोल्यांना कुलूप असते, आणि शिमग्याच्या दोन-तीन दिवसांत त्याच घरात चुलत-मावस धरून वीस-पंचवीस माणसे उतरतात. माहेरवाशिणी येतात, त्यांची मुले येतात. पडवीत, ओट्यावर, माजघरात पथाऱ्या पडतात. तरुणांना त्यात मौज असते. गुडघे दुखणाऱ्या आत्याला आणि तान्ह्या बाळाच्या आईला नसते. हळूहळू ती यायची थांबतात.

कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपण्याची, स्वयंपाकाची आणि थोडेफार सामान ठेवण्याची सोय असलेली गाडी, आपल्याकडे गेल्या काही वर्षांत दिसू लागली आहे. तिच्या जाहिरातींत निर्जन तळ्याकाठी उभी असलेली गाडी आणि दोनच माणसे दिसतात. मला तिचा महाराष्ट्रातला खरा उपयोग वेगळा वाटतो. आपल्या वसंतात माणसे निर्जन जागी जात नाहीत, ती आपल्या माणसांकडे जातात. तिथे कमी पडते ती पाठ टेकायची जागा. ही गाडी ती जागा बरोबर घेऊन जाते. यजमानाच्या घरावर भार न टाकता त्याच्या खळ्यात दोन रात्री राहता येते, जेवण-गप्पा-आंघोळ घरात आणि झोप गाडीत. पण त्यासाठी गाडी काय करू शकते आणि काय नाही, हे निघण्यापूर्वी नीट समजून घ्यायला हवे.

आधी शिमग्याविषयी. कोकणात हा एका रात्रीचा सण नाही. बहुतेक गावांत फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फाक पंचमीला, त्याची सुरुवात होते. पुढे कुठे त्रयोदशीचे तेरसे शिमगे, तर कुठे पौर्णिमेचे भद्रेचे शिमगे. ग्रामदेवतेची चांदीची रूपे पालखीला लावली जातात, होम होतो, पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या मुक्कामाच्या चौथऱ्यावर, येते आणि मग ती वाडीवाडीत, घराघरांत फिरते. ढोल-ताशांच्या गजरात ती नाचवली जाते, खेळे आणि संकासूर तिच्याबरोबर असतात. काही गावांत शिंपण्याने शिमग्याची सांगता होते. चाकरमानी गावी धावतो तो मुख्यतः एका गोष्टीसाठी: पालखी दारात येईल तेव्हा घर उघडे असावे, दिवा लागलेला असावा, घरातल्या बाईने देवीची ओटी भरावी. देव वर्षातून एकदा स्वतः घरी येतो आणि दाराला कुलूप दिसते, हे कोकणातल्या माणसाला सहन होत नाही. पालखी कोणत्या दिवशी कोणत्या वाडीत जाणार हे मानकरी ठरवतात आणि ते गावागणिक बदलते. आईचे गाव आणि वडिलांचे गाव वेगळे असेल तर दोन्हीकडच्या पालख्या गाठायच्या असतात, त्यात आत्याकडेही जायचे असते. एसटी आणि रेल्वेने हे जमवताना निम्मा वेळ फाट्यावर रिक्षाची वाट पाहण्यात जातो. चाकांवरची खोली असली तर तीन दिवसांत तीन घरे होतात आणि रोज पिशव्या भरायच्या-उपसायच्या राहत नाहीत.

पाश्चात्त्य देशांत अशा गाडीचा जन्म हौसेतून झाला. डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश लेखकाने १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यातून घोड्यांनी ओढायची एक घरगाडी बनवून घेतली, तिचे नाव ‘वाँडरर’. १९०७ मध्ये इंग्लंडात कॅराव्हॅन क्लब निघाला. १९५० साली जर्मनीत फोक्सवॅगनची डब्यासारखी व्हॅन बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तिच्यात बसवायची झोपण्या-रांधण्याची पेटी काढली. आजच्या कॅम्परव्हॅनचा आराखडा साधारण तिथून आला.

पण मुक्काम-पाण्याचा हिशेब करत लांबचा रस्ता कापणे आपल्या भागाला त्याहून फार जुने आहे, आणि त्याचा पुरावा कल्याणपासून काही तासांवर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तांतात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. तिथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून मुरबाडच्या बाजूने सह्याद्रीच्या पायथ्याशी येई, नाणेघाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जाई. नाणेघाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. इतिहासप्रेमी तो पाहायला जातात, जावेच. पण वाटेवरून चढताना कातळात खोदलेली पाण्याची टाकी मला जास्त बोलकी वाटतात. माणसांना आणि जनावरांना कुठे थांबता येईल, किती पाणी मिळेल, हे ठरवल्याशिवाय तांडा हलत नसे. पुढे शतकानुशतके बंजारा तांड्यांनी धान्य आणि मीठ देशभर वाहिले, तेही याच हिशेबावर. आज कातळातल्या टाक्याच्या जागी प्लास्टिकची टाकी आली, बैलाच्या जागी डिझेल. हिशेब राहिलाच.

तर पाण्यापासून सुरू करू. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. चार माणसांसाठी १०० लिटरची टाकी घेतली तर गाडीवर एक क्विंटल भार चढला, आणि घाटात तो जाणवतो. उन्हाळ्यात माणशी तीन-चार लिटर पिण्याला, रांधायला आणि भांड्यांना मिळून वीसेक लिटर धरा. त्यात प्रत्येकाची एक बादली आंघोळ मिळवली की टाकी एका दिवसात तळाला जाते. आंघोळ यजमानाच्या न्हाणीघरात केली तर तीच टाकी अडीच-तीन दिवस पुरते. पण मार्च-एप्रिलमध्ये कोकणातल्या अनेक वाड्यांत विहिरी खाली गेलेल्या असतात, काही ठिकाणी टँकर सुरू झालेले असतात. भरपूर पाऊस पडूनही असे होते, कारण डोंगरउतारावरून पाणी वाहून जाते आणि मुरलेले पाणी सच्छिद्र जांभ्यातून झरून जाते. म्हणून टाकी महाडला किंवा चिपळूणला भरावी आणि मगच गावात शिरावे. यजमान ‘भरा हो, आपलीच विहीर’ म्हणेल. तरी पाईप लावू नये.

जांभ्याचा हाच गुण शौचालयाच्या बाबतीत फार गांभीर्याने घ्यावा लागतो. कॅम्परव्हॅनमध्ये बहुधा काढता येणाऱ्या पेटीचे शौचालय असते. पेटी साधारण वीस लिटरची, म्हणजे चार माणसांना जेमतेम दोन दिवस. ती बागेत, वहाळात किंवा रस्त्याकडेच्या खड्ड्यात रिकामी केली तर जांभ्यातून झिरपून मैला जवळच्या विहिरीत पोहोचू शकतो. पेटी फक्त घराच्या किंवा हॉटेलच्या शौचालयात रिकामी करायची. तिच्यात टाकायचे औषधही जैविक निवडावे, कारण फॉर्माल्डिहाइड असलेली औषधे सेप्टिक टाकीतले उपयोगी जिवाणू मारतात. न्यूझीलंडने तर २०२३ च्या कायद्यान्वये, सार्वजनिक जागी गाडीत मुक्काम करायचा असेल तर गाडीला कायम बसवलेले शौचालय असणे बंधनकारक केले. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या भाच्या-पुतण्यांना विचारले तर या शिस्तीबद्दल ते बरेच सांगतील.

उष्णतेचा प्रश्न पाण्याहून अवघड आहे. पाश्चात्त्य प्रवासी वसंतात गाडी बाहेर काढतो, कारण तिकडे थंडी सरलेली असते. आपल्याकडे वसंत म्हणजे पळस-पांगारा फुललेला आणि ऊन चढलेले. मुंबईत सांताक्रूझला मार्च महिन्यातले सर्वाधिक तापमान २८ मार्च १९५६ रोजी नोंदले गेले, ४१.७ अंश सेल्सिअस. किनाऱ्यावर मार्चमध्ये असे होते, कारण कधी कधी पूर्वेकडून जमिनीवरचा तापलेला वारा जोरात वाहत राहतो आणि समुद्रावरचा वारा, खारा वारा, आत यायला दुपार उलटते. तोपर्यंत पारा चढलेला असतो. हवामान खाते किनारपट्टीवर ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, या दोन्ही अटी पाहून उष्णतेची लाट ठरवते. मैदानी भागात पहिली अट ४० अंशांची असते, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि तेच ऊन शरीराला जास्त जाचते.

उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तासाभरात तापमान बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी वाढू शकते, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काचेतून ऊन आत येते, आतल्या वस्तू तापतात आणि तापलेली हवा कोंडून राहते. खिडकीची फट ठेवून फारसा फरक पडत नाही. म्हणून लहान मूल, म्हातारे माणूस किंवा कुत्रा उभ्या गाडीत पाच मिनिटांसाठीही ठेवू नये.

‘एसी लावू’ हे उत्तर इथे चालत नाही, आणि का चालत नाही याचे गणित प्रत्येकाने एकदा कागदावर करावे. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे कागदावर १२०० वॉट-तास वीज. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्मीच वापरावी, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीतून ऐंशी-नव्वद टक्के मिळते. आता खर्च पाहा. २५ वॉटचा पंखा रात्रीचे दहा तास चालला तर २५० वॉट-तास. दिवे आणि मोबाइल मिळून शंभर. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला पाचशे-सहाशे. म्हणजे पंखा, दिवे, मोबाइल, फ्रिज एवढ्यात एक दिवस निघतो. याउलट हजार वॉटचा एसी रात्रीचे आठ तास, त्यात निम्माच वेळ कॉम्प्रेसर चालला असे धरले, तरी चार हजार वॉट-तास खातो. तशा लिथियमच्याही चार-पाच बॅटऱ्या लागतील. टपावर २०० वॉटचे सौर पॅनेल असेल तर मार्चच्या लख्ख उन्हात गळती वजा जाता सातशे-साडेसातशे वॉट-तास मिळतात. फ्रिज-पंख्याला ते जवळपास पुरतात, एसीला नाही.

त्यामुळे निजण्याची व्यवस्था वाऱ्यावर बेतायची. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडता याव्यात, दोन्हींना मच्छरदाणीची जाळी असावी, टपावर हवा बाहेर फेकणारा पंखा असावा. गाडी दुपारपासूनच सावलीत उभी करायची, कारण तापलेला पत्रा सूर्य मावळल्यावरही बराच वेळ आत उष्णता सोडत राहतो. पण नारळाखाली नाही, आणि फळाला आलेल्या फणसाखालीही नाही. आंब्या-चिंचेची सावली उत्तम. अंगणातून वीज मिळत असेल तर यजमानाच्या घरातली जोडणी आणि अर्थिंग नीट आहे का हे पाहून जाड वायरने घ्यावी आणि बिलाचे पैसे कशातरी रूपाने पोहोचते करावेत. रोख दिले तर काकू रागावतील, हापूसची पेटी मात्र घेतील. अर्थात काकू स्वतः रत्नागिरीच्या असतील तर वेगळे काहीतरी पाहावे.

गॅस आत वापरू नये, हे माझे ठाम मत आहे. एलपीजी हवेपेक्षा दीड-दोन पट जड असतो. गळती झाली तर तो वर जात नाही, फरशीलगत साचून राहतो आणि ठिणगी पडली की पेट घेतो. रीतसर बनवलेल्या गाडीत म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी झरोका ठेवतात. घरगुती लाल सिलिंडर दोरीने बांधून नेणे धोक्याचेही आहे आणि बेकायदाही. बंद गाडीत कोळशाची शेगडी किंवा दाराशी जनरेटर तर कधीच नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तसेही ज्या घरी पुरणपोळ्या भराभर होत आहेत, तिथे आपण गाडीत नूडल्स का शिजवायचे?

आता कायद्याचे. सर्वांत मोठा मोह म्हणजे घरची जुनी व्हॅन गॅरेजमध्ये नेऊन, सीट काढून, पलंग ठोकून घेणे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वाहनाच्या मूळ रचनेत मनाजोगता बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. अशा गाडीला अपघात झाला तर विम्याचा दावा अडू शकतो. आपल्याकडे मोटार कॅराव्हॅनसाठी ‘एआयएस-१२४’ हे स्वतंत्र मानक आहे. आसने आणि टेबल, झोपण्याची जागा, स्वयंपाकाची सोय आणि सामानाचे कप्पे, एवढे असेल तर ती कॅराव्हॅन. पुण्यातल्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता मिळालेली रचना असेल, तरच आरटीओच्या नोंदणीपुस्तकात तसे लिहून मिळते. ठाण्याची ‘एमएच ०४’ असो की कल्याणची ‘एमएच ०५’, भाड्याने गाडी घेताना नोंदणीपुस्तकात वाहनाचा प्रकार काय लिहिला आहे ते वाचावे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही. चालकासह भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी, स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची काळी आणि तिच्यावर पिवळी अक्षरे. साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर एकूण ७५०० किलोपर्यंतचे वाहन चालवता येते, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने कायम केले. पण परवाना आहे म्हणून नौपाड्याच्या गल्लीतून सहा मीटरची गाडी काढता येतेच असे नाही. राम मारुती रोडवर संध्याकाळी दुचाकी लावायला जागा मिळत नाही, सगळीकडे इमारतींचे पुनर्विकास चालू आहेत. गाडी तीन हात नाक्याजवळ महामार्गालगत कुठेतरी बोलवावी आणि भल्या पहाटे तिथे चढावे, हे सोपे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गाड्यांची नोंदणी आणि त्या थांबवण्यासाठी पाणी-वीज-स्वच्छतागृहांसह कॅराव्हॅन पार्क, असे त्याचे दोन भाग आहेत. केरळनेही त्याच वर्षी ‘केराव्हॅन केरळ’ जाहीर केले. धोरण चांगले आहे, पण त्याचा भर पर्यटनस्थळांवर आहे. कोकणच्या महामार्गावर दर शंभरेक किलोमीटरला स्वच्छ शौचालय, पेटी रिकामी करायची जागा आणि पाण्याचा नळ असलेला साधा तळ झाला, तर शिमगा-गणपतीला जाणाऱ्या हजारो कुटुंबांना, व्हॅन असो वा नसो, त्याचा उपयोग होईल. हे काम ग्रामपंचायती आणि बचत गट सहज चालवू शकतील.

कळवा-विटावा-पनवेल करत पेण, माणगाव, महाड, पोलादपूर आणि बोगद्यातून कशेडी ओलांडून खेड-चिपळूण, असा ठाण्याहून अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. बोगद्यामुळे वळणे टळली, तरी भोस्ते आणि परशुराम घाट आहेतच. उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापून त्यांची पकड जाते. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण जड गाडीला अगदी लागू आहे. गावात शिरण्यापूर्वी फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: वाडीपर्यंत पाखाडी आहे की रस्ता, विजेच्या तारा किती खाली आहेत, आणि गाडी वळायला जागा कुठे आहे. जांभ्याच्या दोन गडग्यांमधून रिक्षा जाते तिथे उंच व्हॅन अडकते. मग गाडी देवळाच्या किंवा शाळेच्या पटांगणात, सरपंचांना आणि मानकऱ्यांना विचारून. पालखीच्या वाटेवर मात्र कधीही नाही.

शिमगा आटोपल्यावर एक दिवस हाताशी असेल तर मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जावे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसोबत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि पुढे तिथे कासव महोत्सव भरू लागला. मादी एका खेपेस शंभराच्या आसपास अंडी घालते, पिल्ले पंचेचाळीस ते साठ दिवसांत बाहेर येतात आणि साधारण फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत सकाळ-संध्याकाळ त्यांना समुद्रात सोडले जाते. पिल्लू उजेडाच्या दिशेने सरकते. निसर्गात रात्री समुद्राकडचे क्षितिज जास्त उजळ असते, म्हणून त्याची वाट चुकत नाही. किनाऱ्याकडे तोंड करून उभ्या केलेल्या गाडीचे दिवे ती चुकवतात. त्यामुळे इथे गाडी किनाऱ्यापासून लांब, गावात उभी करावी, आणि एक रात्र गाडी बंद ठेवून गावातल्या घरगुती निवासात काढावी. त्या उत्पन्नावर हे संवर्धन उभे आहे.

परतीच्या प्रवासात बहुधा एखादे वडीलधारे माणूस आपल्याबरोबर ठाण्याला येते. मोतीबिंदूचे काम असते, किंवा पाडव्याला नातवंडांत राहायचे असते, कौपिनेश्वराहून निघणारी स्वागतयात्रा पाहायची असते. गाडीत पलंग आहे म्हणून आजींना झोपवून आणावे, असे सगळ्यांनाच वाटते. चालत्या गाडीत पलंगावर कोणालाही झोपवू नये. अचानक ब्रेक लागला तर झोपलेले माणूस गाडीच्या वेगानेच पुढे फेकले जाते आणि त्याला धरून ठेवायला काहीच नसते. आजींना पुढे तोंड असलेल्या आसनावर, पट्टा लावून, पाठीला उशी देऊन बसवावे. दर दीड तासाने गाडी सावलीत थांबवून त्यांना पाच-दहा मिनिटे चालवावे, म्हणजे पायांत रक्त साचून सूज येत नाही. पलंग लागतो तो या थांब्यांवर. चिपळूणहून सकाळी सहाला निघून माणगावपर्यंत ऊन चढण्याआधी यावे, दुपारी तिथे जेवून, दोन्ही खिडक्या उघड्या टाकून त्यांना तासभर पडू द्यावे, आणि चारनंतर पनवेलकडे निघावे.